मंगळवारचे पाच शिलिंग

(एका सार्वजनिक वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

तुमच्यापैकी कितीजणांना आपल्या रेशनकार्डाचा नंबर पाठ आहे? एकही हात वर नाही. बरं.

इंग्लंडमध्ये, लीड्सला माझ्या शेजारी एक आजी राहायच्या. नव्वदीला टेकलेल्या. सकाळची गोळी घेतली की नाही हे त्यांना दुपारी आठवायचं नाही, पण को-ऑपच्या दुकानातला आपला सभासद क्रमांक विचारला, की पाचही आकडे घडाघडा म्हणायच्या. को-ऑप म्हणजे ग्राहकांचं सहकारी दुकान. पाव घ्या नाहीतर मेणबत्ती घ्या, आपला क्रमांक सांगायचा, मग त्या खरेदीवरचा लाभांश तुमच्या नावे जमा व्हायचा. त्याला सगळे ‘डिव्ही’ म्हणत. डिव्ही हातात आली, की पोरांना बूट. आजींचा क्रमांक त्यांच्या मुलालाही पाठ होता, आणि तो मुलगाही आता सत्तरीत होता. आईने दुकानात पिटाळायच्या आधी घोकून घेतलेला.

मी तिकडे नऊ वर्षं एका लायब्ररीत काम करत होते. शनिवारी दुपारी आजींकडे चहा ठरलेला. त्या जे सांगायच्या ते सोमवारी लायब्ररीत जाऊन जुन्या कागदांत पडताळून बघायची मला खोड लागली. कधी आजी चुकायच्या, बहुतेक वेळा कागद अपुरे पडायचे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तिथल्या कामगार वस्तीतल्या आयांबद्दल आज जे सांगणार आहे, ते या दोन्हींची गोळाबेरीज आहे.

आजींचा जन्म १९२४चा. युद्धात त्या शिवणकामाच्या कारखान्यात सैनिकांचे गणवेश शिवत होत्या. लीड्स हे मुळात शिंप्यांचं शहर. १९४५च्या शेवटी लग्न झालं, पहिला मुलगा फेब्रुवारी १९४७चा, दुसरी मुलगी १९४९ची. या तारखा लक्षात ठेवा. कारण या दोन बाळंतपणांच्या मधल्या अडीच वर्षांत त्या देशात आईपणाचा सगळा हिशेबच बदलला.

युरोपातलं युद्ध संपलं ८ मे १९४५ला. आता खायला-प्यायला मिळेल, असं लोकांना वाटलं. झालं उलटंच. सबंध युद्धात पाव कधी रेशनवर नव्हता. तो रेशनवर आला जुलै १९४६मध्ये, विजयानंतर चौदा महिन्यांनी, आणि दोन वर्षं राहिला. ऑगस्ट १९४५मध्ये अमेरिकेने उधारीवरची मदत अचानक बंद केली. देशाची तिजोरी रिकामी. जगभर धान्याचा तुटवडा. जर्मनीचा जो भाग ब्रिटनच्या ताब्यात आला, तिथल्या लोकांनाही जगवायचं होतं. आपल्याकडेही १९४६ साली दुष्काळाची टांगती तलवार होती, हे इथल्या वडीलधाऱ्यांनी घरी ऐकलं असेल. मुंबईत रेशनिंग १९४३ला सुरू झालं, आणि ‘रेशन’ हा शब्द तेव्हापासून आपल्या घरात जो शिरला तो अजून गेलेला नाही. इंग्रज मात्र तो विसरले. तिथल्या तरुणांना रेशनबुक म्हणजे संग्रहालयातली वस्तू.

तर १९४८च्या सुमाराला माणशी आठवड्याला काय मिळायचं? साखर आठ औंस, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम. चीज दीड औंस, म्हणजे आपल्या दोन पातळ चकत्या. दूध दोन पाइंट, म्हणजे लिटरहून थोडं जास्त. आणि अंडं एक. मी आजींना म्हटलं, एका अंड्याचं करायचं काय? त्या म्हणाल्या, ‘नवऱ्याला द्यायचं, दुसरं काय!’ कागदांत माणशी एक अंडं असतं. घरात गेल्यावर त्या अंड्यांची वाटणी कशी होते, ते कुठल्याच सरकारी कागदात नसतं. मटणाचा मोठा वाटा कमावत्या पुरुषाला, मग पोरांना, आणि बाईला रस्सा. हे सांगताना मला वेगळं काही सांगतेय असं वाटतच नाही, बघा.

पण एका बाईच्या बाबतीत सरकारने ही वाटणी आपल्या हातात घ्यायचा प्रयत्न केला होता. गरोदर बाई, अंगावर पाजणारी बाई आणि पाच वर्षांखालचं मूल यांचं रेशनबुक हिरव्या रंगाचं असायचं. इतर मोठ्यांचं पिवळट मातकट. हिरव्या बुकावर रोज एक पाइंट दूध, अंड्यांचा जादा वाटा, संत्री आली तर पहिला मान. शिवाय बाळांच्या दवाखान्यात संत्र्याच्या घट्ट रसाच्या बाटल्या, कॉड माशाच्या यकृताचं तेल, आणि ‘नॅशनल ड्राइड मिल्क’ नावाच्या दुधाच्या भुकटीचे डबे. तेल कुठल्याच पोराला आवडायचं नाही. रस मात्र आया स्वतः चोरून चमचाभर प्यायच्या. आजींनी कबूल केलंय. रिकामे डबे कुणी टाकत नसे. आजींच्या घरी त्यातल्या एकात मी गेले तोवर बटणं होती.

हिरवं बुक मिळालं, म्हणजे रांग टळली असं मात्र नाही. मांस एका रांगेत, भाजी दुसऱ्या, मासळी तिसऱ्या. बाबागाडी दुकानाबाहेर ठेवायची, आत बाळ झोपलेलं, आई रांगेत. आज असं केलं तर पोलीस येतील. तेव्हा रस्त्यात बाबागाड्यांची रांग लागायची. आयरीन लव्हलॉक नावाची एका पाद्र्याची बायको होती. १९४५मध्ये पावसात ताटकळणाऱ्या म्हाताऱ्या आणि कडेवर पोरं घेतलेल्या बाया बघून तिचं डोकं फिरलं, आणि तिने गृहिणींची संघटना काढली, ब्रिटिश हाउसवाइव्ह्ज लीग. मजूर पक्षाच्या सरकारला त्या बायकांनी पुढची काही वर्षं बेजार केलं. त्यांचं राजकारण उजवं होतं, सगळ्या गृहिणी काही त्यांच्या मागे नव्हत्या. आजी तर त्यांचं नाव काढलं की नाक मुरडायच्या: ‘आमच्याकडे मीटिंगला जायला वेळ कुणाला होता?’

आता १९४७च्या हिवाळ्याकडे येते. २२ जानेवारीला बर्फ पडायला लागला, तो मार्चच्या मध्यापर्यंत देशात रोज कुठे ना कुठे पडतच राहिला. रेल्वेचे डबे कोळशासकट रुळांवर गोठले. कोळसा नाही म्हणून वीजघरं बंद, वीज नाही म्हणून कारखाने बंद. काही दिवसांत जवळजवळ चाळीस लाख माणसं घरी बसली. घरातली वीजही सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी दोन ते चार बंद. नेमकी या दिवसांत आजींची प्रसूती.

घर कसलं, तर लीड्सचं ‘बॅक-टू-बॅक’. म्हणजे पाठीला पाठ लावलेली घरं. पुढे दार, मागे भिंत, त्या भिंतीपलीकडे दुसऱ्याचं घर. खाली एक खोली, वर एक, त्यावर माळा. संडास गल्लीत, तोही दोन-तीन घरांत मिळून. गिरगावातल्या नाहीतर परळच्या चाळीत वाढलेल्या माणसाला हे कळायला वेळ लागणार नाही. फक्त त्यात गुडघाभर बर्फ घाला. लीड्समध्ये अशी घरं १९३७पर्यंत बांधत होते. आणि हे एकट्या लीड्सचं नाही. १९५१च्या जनगणनेत ब्रिटनमधल्या एक तृतीयांशाहून जास्त कुटुंबांकडे न्हाणीघरच नव्हतं. शुक्रवारी खिळ्यावरचा पत्र्याचा टब काढून शेकोटीपुढे ठेवायचा, आणि एकाच पाण्यात आधी पोरं, मग आई, मग बाप.

तर सुईण आली ती चालत. एरवी त्या सायकलने फिरायच्या, पण बर्फात सायकल काय कामाची? मेणबत्तीच्या उजेडात मुलगा झाला. शेजारणींनी आपापल्या कोळशातून एकेक बादली आणून दिली होती. ‘कोळसा देणं म्हणजे त्या वेळी सोनं देणं,’ असं आजी म्हणायच्या. सुईणीची फी भरावी लागली. डॉक्टर बोलवायची पाळी आली असती तर आणखी पैसे, म्हणून गरोदरपणात दर आठवड्याला थोडे पैसे चहाच्या किटलीत टाकून ठेवलेले. ती किटली मोडकी होती, म्हणून नवरा तिला हात लावत नसे.

पुढचे दहा दिवस अंथरुणातून उठायचं नाही. आणि मग जे आजींनी सांगितलं त्याने मी चकित झाले. म्हणाल्या, ‘चर्चमध्ये जाऊन येईपर्यंत सासूने मला कुणाच्या घरात पाऊल टाकू दिलं नाही.’ याला ‘चर्चिंग’ म्हणतात. बाळंत झालेल्या बाईने चर्चमध्ये जायचं, पाद्री देवाचे आभार मानायची प्रार्थना म्हणणार, मग ती बाई चारचौघांत मोकळी. धर्मशास्त्राप्रमाणे हा आभाराचा विधी. पण गल्लीतल्या बायकांच्या लेखी ती अशुद्ध असायची. ती दारात आली तर घराला काहीतरी बाधेल. म्हणजे सोयर! आपल्याकडचं सोयर-सुतक बघून नाकं मुरडणाऱ्या साहेबांच्या देशात, त्यांच्या कामगार वस्त्यांत, पन्नासच्या दशकातही हे चालू होतं. मायकेल यंग आणि पीटर विल्मट या दोन समाजशास्त्रज्ञांनी पूर्व लंडनमधल्या बेथनल ग्रीन वस्तीचा अभ्यास १९५७ साली प्रसिद्ध केला, त्यात जवळजवळ सगळ्या आयांनी हा विधी केल्याचं आढळतं. चर्चला एरवी न जाणाऱ्या बायकाही यासाठी जायच्या. ‘तुमचा विश्वास होता का?’ असं मी विचारलं. आजी म्हणाल्या, ‘विश्वासाचा काय संबंध? सासू होती.’

मूल कसं वाढवायचं, याबद्दल मात्र सासू आणि दवाखान्यातली नर्स यांचं आश्चर्यकारक एकमत होतं. घड्याळ! सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. दर चार तासांनी पाजायचं. मध्ये रडलं तर रडू द्यायचं. न्यूझीलंडच्या ट्रुबी किंग नावाच्या डॉक्टरने ही पद्धत दोन महायुद्धांच्या मधल्या काळात रुजवली होती. उचलून घेतलं तर मूल लाडावतं. मोकळ्या हवेसाठी बाबागाडी दाराबाहेर, थंडी असली तरी, कपडे पुरेसे घालून. आमच्याकडे मूल रडलं की चार बाया धावतात, मांडीवर घे, पाळणा म्हण, दृष्ट काढ. आजींना मी पाळणा म्हणून दाखवला तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, पावणेदोन वाजता तो रडायला लागायचा, मी जिन्याच्या पायरीवर बसून घड्याळाकडे बघत बसायची, माझं ब्लाउज ओलं व्हायचं. पंधरा मिनिटं. रोज.

विनिकॉट नावाचे बालरोगतज्ज्ञ त्याच सुमाराला बीबीसीवरून आयांशी बोलत होते, की तुम्ही नेहमीसारखं प्रेमाने करता ते बरोबरच आहे, तज्ज्ञांना घाबरू नका. आजींकडे रेडिओ होता, पण ते त्यांच्या कानावर आलं नाही. त्या वेळी बहुधा त्या कपडे धूत असाव्यात.

कपड्यांबद्दल थोडं विस्ताराने बोलते, कारण हा विषय कुणी बोलत नाही. सोमवार कपड्यांचा. का, तर रविवारी मटण भाजलेलं असायचं, त्याचं उरलेलं थंड मांस आणि बटाटा-कोबी परतून सोमवारी जेवण भागायचं. स्वयंपाकाला वेळ द्यावा लागत नसे. आपल्या फोडणीच्या भातासारखंच. पहाटे पाचला उठून कोपऱ्यातल्या विटांच्या चुलाण्यात जाळ करायचा. त्यात बसवलेल्या मोठ्या हंड्याला यॉर्कशायरमध्ये, म्हणजे लीड्सच्या भागात, ‘सेट पॉट’ म्हणत. पांढरे कपडे उकळायचे. मग पिंपात टाकून ‘पॉसर’ने बदडायचे: लांब दांडा, त्याला खाली घंटेसारखं तांब्याचं भोकाभोकाचं टोक. कॉलर फळीवर घासायच्या. खळबळायचे, नीळ द्यायची, खळ द्यायची, आणि मग ‘मँगल’मधून काढायचे. मँगल म्हणजे दोन लाकडी रूळ आणि चाक. उसाच्या गुऱ्हाळातल्या चरकात ऊस घालतात तसा कपडा घालायचा आणि फिरवायचं. साबण १९५०च्या सप्टेंबरपर्यंत रेशनवर, म्हणून एकाच पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, मग कामाचे कपडे, आणि ते पाणी शेवटी दाराची पायरी घासायला.

बॅक-टू-बॅक घरांना अंगण नाही. मग दोऱ्या गल्लीवरून, समोरच्या घरापर्यंत. सोमवारी सगळी गल्ली चादरींनी भरलेली. कोळशाची गाडी सोमवारी आली तर बाया गाडीवानाला ज्या शिव्या द्यायच्या त्या आजींनी मला शिकवल्या, पण त्या इथे सांगण्याजोग्या नाहीत. लीड्सच्या गिरण्यांच्या आणि घरोघरच्या धुराड्यांची काजळी वाळत घातलेल्या चादरींवर पडायची, की पुन्हा धुवा. बाळाच्या लंगोटांना तर सोमवारही नाही, ते रोजचेच. त्या १९४७च्या थंडीत बाहेर घातलेले लंगोट पत्र्यासारखे कडक व्हायचे, आणि आत आणून शेकोटीपुढे उभे केले की हळूहळू माना टाकायचे. हे सांगताना आजी हाताने तसं करून दाखवायच्या.

आणि मंगळवार? मंगळवार इस्त्रीचा, आणि पोस्टाचा.

इथे मला एलिनॉर रॅथबोन या बाईंबद्दल सांगायचंय. लिव्हरपूलच्या श्रीमंत घरातल्या, लग्न न केलेल्या, १९२९पासून खासदार. त्यांचं म्हणणं पंचवीस वर्षं एकच होतं: मुलं वाढवणं हे काम आहे, त्याचा मोबदला सरकारने आईला द्यावा. पगार मिळतो तो पुरुषाला, आणि त्याला एक मूल असो की सहा, तेवढाच. सामाजिक सुरक्षेची योजना मांडणाऱ्या १९४२च्या बेव्हरिज अहवालात शेवटी मुलांसाठी भत्ता आला, आठवड्याला आठ शिलिंगांचा. कायदा झाला १९४५ला तेव्हा आठाचे पाच उरले, आणि तेही दुसऱ्या मुलापासून. पहिल्याला काही नाही. पण खरी गंमत पुढेच आहे. विधेयकात लिहिलं होतं, की हा पैसा बापाचा! रॅथबोनबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, असं असेल तर ज्या गोष्टीसाठी आयुष्य घालवलं तिच्याविरुद्ध मी मत देईन. गदारोळ झाला, खासदारांना पक्षादेशाशिवाय मत द्यायची मोकळीक मिळाली, आणि पैसा आईच्या नावे झाला. पहिलं वाटप झालं मंगळवारी, ६ ऑगस्ट १९४६ला. बाई त्याच वर्षी जानेवारीत गेल्या होत्या. त्यांनी ते पाहिलं नाही.

एक आडवळण घेते, चालेल ना? याच रॅथबोनबाईंनी १९२९मध्ये लंडनला भारतीय स्त्रियांच्या दुःस्थितीवर परिषद भरवली होती. श्रोत्यांतून धन्वंती रामा राव उठल्या आणि त्यांनी सुनावलं, की ज्यांनी आमचा देश पाहिलेला नाही त्यांनी आमचा उद्धार करायला निघू नये. याच धन्वंतीबाईंनी पुढे १९४९ला मुंबईत कुटुंबनियोजनाची संस्था काढली. म्हणजे आईच्या हातात पैसा देणाऱ्या बाईला दुसऱ्या देशातल्या आयांबद्दल बोलताना ठेच लागली. मला रॅथबोनबाई आवडतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

पाच शिलिंग म्हणजे किती? त्या काळी बारा पेन्यांचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. कामगाराची सरासरी कमाई तेव्हा आठवड्याला सहा-सात पौंड. म्हणजे पाव पौंड, फार नाही. पण शुक्रवारी नवरा पगाराचं पाकीट आणायचा, त्यातला ठरलेला वाटा घरखर्चाला टेबलावर ठेवायचा. पाकिटात एकूण किती होते, हे अनेक बायकांना शेवटपर्यंत कळलं नाही. आजींनाही नाही. त्यांचे यजमान दारू पीत नव्हते, हात उचलत नव्हते, तरी नाही. पद्धतच नव्हती. अशा घरात मंगळवारी पोस्टाच्या खिडकीत आपल्या नावाचं पुस्तक सरकवायचं, कारकून शिक्का मारून पैसे मोजणार, आणि ते पैसे नवऱ्याच्या हातून आलेले नसणार. इथे काही भगिनी हसल्या. हसा. आपल्याकडे २०२४पासून दीड हजार रुपये बायकांच्या खात्यात जमा होतात, त्यावर चहाच्या टपरीवर पुरुष जे बोलतात, जवळजवळ तेच १९४५च्या पार्लमेंटमध्ये बोललं गेलं होतं. मी योजनेच्या राजकारणात शिरत नाही. पैसा कुणाच्या हातात पडतो, याला महत्त्व आहे, एवढंच म्हणते.

आजींना पाच शिलिंग मिळाले १९४९मध्ये, मुलगी झाल्यावर. त्या आधी, ५ जुलै १९४८ला, राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली होती. दुसऱ्या बाळंतपणाला सुईण तीच, पलंग तोच, पण फी नाही. किटली रिकामी. पहिल्या महिन्यांत डॉक्टरांकडे जी गर्दी उसळली ती कुणाची होती? बऱ्याच अंशी या बायकांची. कामगाराचा आरोग्यविमा त्याच्यापुरता होता, बायकोचा नव्हता. वर्षानुवर्षं अंग बाहेर आलेलं, पायाच्या शिरा फुगलेल्या, दात किडलेले, चष्मा बाजारातून अंदाजाने घेतलेला, अशा बाया ‘आता फुकट आहे’ म्हटल्यावर पहिल्यांदा आपलं दुखणं घेऊन बाहेर पडल्या. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन वेल्सच्या खाणकामगारांतला माणूस; त्याला हे घरून माहीत होतं.

पण त्या सेवेचीही एक बाजू सांगितलीच पाहिजे. १९५१मध्ये आजींची मुलगी दोन वर्षांची असताना आजारी पडून इस्पितळात तीन आठवडे होती. भेटायची वेळ फक्त रविवारी दुपारी. ‘आई दिसली की मुलं रडतात, वॉर्डाची शिस्त बिघडते.’ आजी बुधवारी संध्याकाळी इस्पितळाच्या मागच्या रस्त्यावर उभ्या राहून तिसरी खिडकी बघायच्या. पोरगी घरी आली ती आईकडे पाठ करून बसली. काही दिवस हाक मारली तरी वळली नाही. पुढच्याच वर्षी, १९५२ला, जेम्स रॉबर्टसन नावाच्या समाजसेवकाने इस्पितळात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचं चित्रीकरण करून डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर खवळले. सरकारी समितीने आई-बापांना मोकळेपणी भेटू द्या, असं सांगायला १९५९ उजाडलं. आजींची मुलगी आता स्वतः आजी आहे. तिला यातलं काही आठवत नाही. आईला रविवारची तारीखही आठवत होती.

रॉबर्टसन ज्यांच्याबरोबर काम करत त्या जॉन बोल्बींचं नाव मानसशास्त्र शिकलेल्यांना माहीत असेल. आईपासून लहान मुलाची ताटातूट किती घातक, हे त्यांनी १९५१च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालात मांडलं. इस्पितळातल्या मुलांच्या दृष्टीने ते वरदान. पण तेच बोल वर्तमानपत्रांतून घराघरांत पोचले ते असे: आईने घराबाहेर कामाला जाऊ नये. युद्धात बायका कारखान्यांत हव्या होत्या तेव्हा सरकारने दीड हजारांच्या आसपास पाळणाघरं उघडली होती. युद्ध संपताच अनुदान कमी झालं, आणि ती भराभर बंद पडली. १९४७मध्ये कापडगिरण्यांना हात कमी पडले तेव्हा सरकारने पुन्हा बायकांना हाक दिली, पण अगदी लहान मुलं असलेल्यांना आग्रह नाही, असंही सांगितलं. मग आजींनी काय केलं? संध्याकाळची पाळी. नवरा सहाला घरात आला, की ही बाहेर. दहाला परत. नवऱ्याने पोरांना फक्त झोपवायचं. गल्लीत ‘माझी बायको काम करते’ असं तो कधीच म्हणाला नाही. ‘ती जरा बाहेर गेलीय’ असं म्हणायचा. सात वर्षं ती जरा बाहेर गेली होती!

१९५३मध्ये त्यांना शहराच्या पूर्वेला, सीक्रॉफ्टच्या नव्या वसाहतीत नगरपालिकेचं घर मिळालं. न्हाणीघर, गरम पाणी, आत संडास, पुढे-मागे बाग. पहिल्या दिवशी मुलगा दहा वेळा साखळी ओढून आला. आजी आठवडाभर हसत होत्या, आणि मग रडायला लागल्या. कारण आई आता तीन मैलांवर राहिली. जुन्या गल्लीत दिवसातून दोनदा आईकडे चक्कर व्हायची. यंग आणि विल्मट यांना बेथनल ग्रीनमध्ये हेच दिसलं होतं: लग्न झालं तरी मुलगी आईच्या हाकेच्या अंतरावर घर बघते. म्हणजे लेकीचं माहेर दोन दारं सोडून. सासर-माहेर हे आपलंच आहे, असं आपण धरून चालतो. नव्या वसाहतींनी बाईला नळाचं गरम पाणी दिलं आणि माहेर तोडलं. दुपारी पावणेदोनला रेडिओवर ‘लिसन विथ मदर’ लागायचं, आई आणि पोरांनी मिळून ऐकायची गोष्ट, १९५०पासून. आजी म्हणायच्या, त्या पंधरा मिनिटांत मोठ्या माणसाचा आवाज ऐकू यायचा, म्हणून मी बसायची.

राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक, शेजारच्या दूरदर्शन संचासमोर कोंबलेली वीस माणसं, फेब्रुवारी १९५३ला चॉकलेट-गोळ्या रेशनमधून सुटल्यावर दुकानापुढे लागलेली पोरांची रांग, हे सगळं तुम्ही चित्रांत पाहिलंय, त्यात मी वेळ घालवत नाही. मांस सुटलं ४ जुलै १९५४ला, आणि रेशनबुकाचं काम संपलं. चौदा वर्षं. आजी सोळाव्या वर्षी त्या वहीशी बांधल्या गेल्या, तिशीत सुटल्या. त्यांनी आपलं शेवटचं हिरवं बुक जाळलं नाही. का, विचारलं तर म्हणाल्या, ‘काय सांगावं, परत चालू केलं तर?’

वेळ होत आलीय. एखादा प्रश्न घेते. हो, ताई, तुम्ही.

(प्रश्न: त्या आजींनी पहिल्या मंगळवारच्या पाच शिलिंगांचं काय केलं?)

हे मीही विचारलं होतं. साडेतीन शिलिंग मुलाच्या बुटांसाठी लावलेल्या भिशीत गेले. बुटांची भिशी असायची, हो. उरलेल्या पैशांत बाबागाडी ढकलत त्या बाजारातल्या एका चहाच्या दुकानात गेल्या. घरी चहा रेशनवर, पण बाहेर बसून प्यायला कूपन लागत नसे. एक कप चहा आणि एक बन घेतला. बनचा तुकडा मुलाला दिला, बाकीचा स्वतः खाल्ला. खिडकीशी बसून, कुणी हाक न मारता. लग्नानंतर पहिल्यांदा.

मी म्हटलं, यजमानांना सांगितलंत?

म्हणाल्या, ‘ते गेले १९८८ला. विषय निघाला नाही.’